वर्गणी न घेणारं गाव

मागे एका ग्रामसभेत मी एक वाक्य बोलले होते. "निधी एकदाच येतो, माणसं मात्र कायमची येतात." टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्या की आपण शहाणे आहोत असं कुणालाही वाटतं, तसं मलाही वाटलं. ते वाक्य बरोबर घेऊनच मी घाट चढून जुन्नरकडे गेले आणि परत आले तेव्हा ते माझ्याजवळ नव्हतं. कसं हरवलं ते सांगायला बसले आहे.

आधी माझं सांगते. महाडच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी आमचं गाव आहे. माझी पिठाची गिरणी आहे आणि मी दुसऱ्यांदा उपसरपंच झाले आहे. गावाच्या वर, तासदीड तासाच्या चढावर धनगरवाडी आहे, एकवीस उंबऱ्यांची. दोन पावसाळ्यांपूर्वी वाडीच्या मागे डोंगराला भेग पडली. आता तिच्यात हात घातला तर खांद्यापर्यंत आत जातो. तेव्हापासून जोराचा पाऊस लागला की ती सगळी माणसं खाली आमच्या शाळेत येऊन राहतात आणि पाऊस ओसरला की परत वर जातात. सरकारचं म्हणणं, त्यांना कायमचं खाली आणा. तुमच्या गायरानावर घरं बांधू, पाणी-रस्ता-दिव्यांसाठी तुमच्या ग्रामपंचायतीला निधी देऊ, फक्त ग्रामसभेचा ठराव द्या. ठराव झाला नाही तर नवी जागा शोधायची आणि ती सापडेपर्यंत माणसं त्या भेगेखाली. गावाला गायरान सोडवत नव्हतं आणि मला गावाला दुखवायचं नव्हतं. माझ्या शहाणपणाचं खरं कारण एवढंच होतं.

आमचा सरपंच तिशीतला आहे, मला काकी म्हणतो. कुठल्याशा प्रशिक्षणात त्याची जुन्नरकडच्या एका माजी सरपंचाशी ओळख झाली होती. आंबेगावच्या पश्चिमेकडच्या डोंगरातली दरडीखालची वाडी त्या सरपंचाच्या गावाने आठ वर्षांपूर्वी आपल्या हद्दीत वसवून घेतली होती. "काकी, एकदा बघून या आणि मग काय ते बोला," तो म्हणाला. "तुम्ही बोललात की गाव ऐकतं." ही हरभऱ्याच्या झाडावर चढवायची रीत मला चांगली ठाऊक आहे. तरी चढले.

त्या गावाचं नाव लिहीत नाही. त्यांनी आपल्या चुकासुद्धा मला हातचं न राखता दाखवल्या, त्या नावानिशी लिहिणं बरं नव्हे. नारायणगावाहून पूर्वेला, निमगाव सावाच्या अलीकडे-पलीकडे कुठंतरी, असं समजा.

नारायणगाव

नारायणगावात उतरले तेव्हा सकाळचे दहा वाजले होते आणि रस्त्यावर टोमॅटोशिवाय दुसरं काही दिसत नव्हतं. क्रेटवर क्रेट, त्यावर दोरी, दोरीवर माणूस. आमच्याकडे परसात चार झाडं लावतात आणि पावसात ती कुजली की नशिबाला बोल लावतात. इथे टोमॅटो म्हणजे घर, लग्न, ट्रॅक्टर सगळं काही. वाटेत एक क्रेट फुटला होता आणि माणसं त्या लाल चिखलातून बिनधास्त चालत होती. मीच तेवढी साडी उचलून उड्या मारत होते.

पुढच्या गावासाठी जीपमध्ये बसले. चौघांच्या जागेत सहा जण. जीप सुटून पाच मिनिटं झाली नसतील, समोरच्या टोपीवाल्या बाबांनी नाक वर केलं.

"ताई, पिशवीत मासं हायेत का ओ?"

होते. कुणाकडे चार दिवस राहायला जायचं तर रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून मी सोडे आणि सुके बोंबील नेले होते. तीन प्लास्टिकच्या पिशव्या, वर जुनं लुगडं, तरी वास कुठला राहतोय. मी कबूल केलं. बाबांनी विचारलं, कुणाकडे चालला? मी त्या माजी सरपंचांचं, विलासभाऊंचं नाव सांगितलं आणि सगळी जीप हसली.

"माळकरी घर हाय ते," बाबा म्हणाले. "चार पिढ्यांत तिथं अंडं शिजलेलं न्हाई. तुमी बोंबील घिऊन निघाल्या."

शेजारची बाई म्हणाली, "आसू द्या वो, ताईंना काय म्हाईत. पावण्या हायेत." तिने माझी बाजू घेतली खरी, पण खिडकी पूर्ण उघडली.

विलासभाऊंचं घर

विलासभाऊ पन्नाशीचे, बोलायला मोकळे, द्राक्ष आणि टोमॅटो करणारे. पुनर्वसनाच्या वेळी तेच सरपंच होते. आता सरपंचपद वहिनींकडे आहे. म्हणजे सही वहिनींची आणि फोन भाऊंचा. हे मी त्यांच्या तोंडावर म्हटलं तेव्हा वहिनी हसल्या आणि भाऊ फोनवर कुणाशी तरी बोलायला बाहेर गेले. माझी पिशवी मी बाहेर लिंबाच्या फांदीला टांगून ठेवली होती. तिची गोष्ट मी वहिनींना सांगून टाकली, त्यांनी मांजरापासून जपा एवढंच सांगितलं.

जेवायला मासवडी होती. नाव मासवडी आणि आत तीळ, खोबरं, लसूण. तिखट रश्श्यात बुडवून बाजरीच्या भाकरीबरोबर खायची. एवढी चव मला खऱ्या माशातही क्वचित लागली आहे. भाकरी मात्र मला तिसरी घेववेना. आम्ही भात खाणारी माणसं, बाजरी आम्हाला पोटात दगड ठेवल्यासारखी वाटते. "दोन भाकरींवर माणूस जगतो का?" असं म्हणत वहिनी माझ्याकडे काळजीने बघत राहिल्या.

तीन दिवसांवर गावची यात्रा होती. भैरवनाथाची. भाऊ यात्रा कमिटीचे अध्यक्ष होते आणि त्यांच्या ओसरीवर माणसांची सारखी ये-जा चालली होती. पावती पुस्तकं, मांडववाला, बैलगाड्यांच्या शर्यतीसाठी घाट नीट करणारे. घाट म्हणजे इथे आमच्यासारखा डोंगरातला रस्ता नव्हे, बैलगाडे पळवायची चढाची धाव. आमच्या देवाच्या कामात एवढ्या पावत्या फाडत नाहीत, म्हणून मी त्या पुस्तकांकडे जरा कुतूहलाने बघत होते. त्यांत पुढे काय दडलं आहे ते मला तेव्हा कळलं नाही.

दोन टाक्या

दुसऱ्या दिवशी भाऊ मला नवी वस्ती दाखवायला घेऊन गेले. गावाच्या वेशीपासून चालत दहा मिनिटं. आधी लागली ती कमान. दगडी नक्षीची, वर दोन्ही बाजूंना कळस, आणि मधोमध ठसठशीत अक्षरात "पुनर्वसित गावठाण". भाऊ तिच्याखाली थांबले.

"मार्च आला व्हता," ते म्हणाले. "सुशोभीकरणाचं पैसं पडून व्हतं. खर्च न्हाई केलं तर परत जात्यात. आमी म्हणलं, कमान बांधू, लोकांना मान वाटंल."

"वाटला?"

"जीपवाला आता हाळी देतो, पुनर्वसन उतरा. पोरांच्या दाखल्यावर पण तेच. ज्या गावचं नाव घिऊन ती आली, ते कुठंच राह्यलं न्हाई बघा."

आत गेल्यावर सगळं व्यवस्थित होतं, तेही सांगायला हवं. सरळ रस्ते, पक्की घरं, प्रत्येक घराला नळ, पाण्याची उंच टाकी, दोन खोल्यांची शाळा, समाजमंदिर, थोड्या अंतरावर पत्र्याची स्मशानशेड. माझं वाक्य मला त्या क्षणी लंगडं वाटू लागलं. निधी आला होता आणि दिसत होता. मग भाऊंनी एकेक गोष्ट उलगडायला सुरुवात केली. निधी येताना त्याचे हेड ठरलेले असतात, म्हणजे कुठल्या कामाला किती ते वरूनच लिहून येतं. पुनर्वसित गावठाणात टाकी, पुनर्वसित गावठाणात शाळा. गावाची जुनी टाकी मोठी करून दोघांना पुरवू असं ते म्हणाले होते, पण त्या कामाला हेड नव्हता. म्हणून दोन टाक्या, दोन मोटारी, दोन वीजबिलं. दोन शाळा, आणि दोन्हींत मिळून एका शाळेला पुरतील एवढीच मुलं.

"जळायला सुदिक दोन जागा," भाऊ म्हणाले.

टाकीखाली अशोकराव भेटले. गावचं पाणी सोडण्याचं काम गेली बावीस वर्षं तेच करतात. हातात व्हॉल्व्हची किल्ली, गळ्यात निळा पंचा, बोलणं नेमकं. भाऊंना फोन आला म्हणून ते पुढे गेले आणि मी अशोकरावांना विचारलं, ही टाकी चालते कशी?

"चालत न्हाई," ते म्हणाले. "चार वर्सं चालली. मंग वैशाखात मोटार जळाली. बांधायचा निधी आला व्हता, दुरुस्तीचा न्हाई. हापिसातनं सांगितलं, टँकर येईल आठ दिवसांनी. इथं बाळंतीण बाई व्हती, म्हातारी माणसं व्हती. आठ दिवस काय करायचं?"

"मग?"

"दुपारच्या पारी जुन्या टाकीची लाइन खोदली आन् हिकडं जोडली. कुणाला इचारलं न्हाई. इचारलं आसतं तर मीटिंग झाली आसती." त्यांनी किल्लीने जमिनीकडे दाखवलं. "गावाचं पाणी तासाचं पाऊण तास झालं. तीन दिवस लोकं माझ्या आईबापाचा उद्धार करत व्हती. मंग सवय लागली. आधी बी पंधरा मिन्टं नळ गटारातच सोडत व्हते की."

पुढे तपासणीला आलेल्या माणसांनी या जोडणीवर आक्षेप घेतला. कुठल्या हेडमधून? त्याला हेडच नव्हता. "त्यामुळं ती पाइप अजून कागदावर न्हाई," अशोकराव म्हणाले. "जमिनीत हाय."

मी हसले. ते हसले नाहीत. म्हणाले, "ताई, भाऊंच्या मनात काय वाईट न्हवतं, मी बघितलंय. पण येगळी टाकी म्हंजी काय आसतं, ते आमच्या घरात कुणी शिकवायला लागत न्हाई. माझ्या आज्याचं आख्खं आयुष्य येगळ्या पाणवठ्यावर गेलं. मंग बुद्धाच्या वाटंला लागलो, शिकलो, ते दिवस मोडलं. आन् आता सरकारच पैसं देऊन दुसरी टाकी बांधतंय, म्हणून मला त्या पायपीचं वाईट वाटलं न्हाई."

मला आमचा ठराव आठवला. आमच्या ग्रामसेवकाने केलेल्या ठरावाच्या मसुद्यात "स्वतंत्र टाकी, स्वतंत्र स्मशानभूमी" असे शब्द आहेत आणि ते वाचताना मला बरंच वाटलं होतं. आपल्या पाण्याला हात लागणार नाही म्हणून बरं वाटलं होतं, हे मी इथे कबूल करते.

चिमाबाईंच्या ओट्यावर

सोडे-बोंबलांचं काय करायचं हा प्रश्न वहिनींनी सोडवला. "वस्तीवर चिमाबाई हायेत," त्या म्हणाल्या. "आपल्या टोमॅटोच्या तोडणीला येत्यात. डोंगरातली माणसं हायेत, खात्यात. द्या त्यांना." म्हणून संध्याकाळी मी एकटीच पिशवी घेऊन गेले.

चिमाबाई साठीच्या, महादेव कोळी. दंडावर गोंदण, बोलताना डोळे बारीक करायची सवय. पिशवी उघडून त्यांनी आधी दीर्घ श्वास घेतला आणि मग माझ्याकडे बघितलं. लगेच चूल पेटवली. नाचणीची भाकरी आणि बोंबलाचं तिखट घेऊन आम्ही ओट्यावर बसलो आणि नारायणगाव सोडल्यापासून पहिल्यांदाच मी तीन भाकऱ्या खाल्ल्या.

डोंगरातलं काय आठवतं, असं मी विचारलं. लोक असं विचारतात, म्हणून मीही विचारलं. त्या म्हणाल्या, हिरडा आठवतो. हिरड्याची झाडं होती, गोळा करून वाळवून विकायचो. पाऊस आठवतो, पण चांगला नाही. ज्या दिवशी मागचा कडा खचला, त्या दिवशी गोठ्यातून म्हैस ओढून काढायला पोरगा गेला आणि थोडक्यात वाचला. "तिकडं परत जायचं न्हाई मला," त्या म्हणाल्या. "लोकांना वाटतं आमी रडतोय डोंगरासाठी. मला ह्या घरात झोप लागती."

"मग इथे काही कमी नाही?"

त्यांनी हातातला भाकरीचा तुकडा खाली ठेवला.

"तुमाला घरातलं म्हणून सांगते, भाऊंना बोलू नका. मानूस देवासारखं हाय. पन आठ वर्सं झाली, यात्रंची वर्गणी आमच्याकडं मागत न्हाईत."

मला आधी कळेचना. वर्गणी मागत नाहीत, हे गाऱ्हाणं कसं? आमच्याकडे वर्गणीवाला दिसला की माणसं मागच्या दाराने परसात निघून जातात. मी तसं म्हटलं, तर त्या माझ्याकडे लहान पोरीकडे बघावं तशा बघू लागल्या.

"आवो, आमच्या डोंगरात सुदिक आमची यात्रा व्हती. आमचा देव, आमची वर्गणी, आमची भांडणं. ज्याची पावती, त्याचं नाव भोंग्यावर. ज्याचं नाव भोंग्यावर, त्याच्या घरचं डहाळं मांडवाला." यात्रेच्या सकाळी प्रत्येक भावकी वाजतगाजत हिरव्या फांद्या आणते आणि त्यांनी देवापुढचा मांडव घालतात, ते हे मांडवडहाळे. "हितं आमचं डहाळं न्हाई. मीटिंगला बोलवत न्हाईत, का तर पैसं न्हाई दिलं. पैसं घेत न्हाईत, का तर आमी गरीब. घाटात आमची पोरं गाडं बघायला जात्यात, तर म्हणत्यात, पावणं, तिकडं बसा. लई मानानं बसवत्यात. पन आठ वर्सं पावणं म्हणून कोण ऱ्हातं, सांगा."

चुलीतला धूर माझ्याकडे येत होता म्हणून बरं. नाहीतर माझे डोळे का भरले ते मला सांगता आलं नसतं.

पावती

चिमाबाईंनी बोलू नका म्हटलं होतं. मी बोलले. त्यांचं नाव घेतलं नाही, पण रात्रीच्या जेवणाला भाऊंना सरळ विचारलं, वस्तीकडून वर्गणी का घेत नाही?

भाऊंचा घास हातातच राहिला. "त्यांच्याकडून? ताई, ती उठून आलेली माणसं. त्यांच्यावर बोजा नको म्हणून पयल्याच वर्षी कमिटीत मी मांडलं, ह्यांची वर्गणी माफ. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या."

त्या टाळ्यांचा आवाज मला ओळखीचा वाटला. मी म्हटलं, "माफी एका वर्षाची असते, भाऊ. आठ वर्षं माफ केलं तर ते माणसालाच हिशेबातून काढून टाकणं झालं."

ते चिडले. माणूस चांगुलपणावर बोट ठेवलं की जास्त चिडतो. एवढी टाकी, एवढी शाळा, आमच्या जमिनीतून रस्ता दिला, गावाने कुठे हात आखडता घेतला, असं बरंच बोलले आणि सगळं खरंच होतं. मी पाहुणी असून नको तिथे तोंड घातलं असं मला वाटायला लागलं. तेवढ्यात वहिनींनी भाकरीची दुरडी खाली ठेवली.

"तुमी सगळ्यांना सांगता ना, सरपंच मी हाय म्हणून," त्या म्हणाल्या. "मंग मी सांगते. उद्या पावती पुस्तक घिऊन जावा. त्या बायका माझ्याबरुबर तोडणीला आसत्यात. त्या मला कवाच्या इचारायच्या, वैनी, आमचं काय चुकलं? मला कळायचं न्हाई, कशाबद्दल इचारत्यात."

सकाळी भाऊ निघाले. मीही मागे मागे. पहिलंच घर चिमाबाईंचं. भाऊंनी पुस्तक काखेत लपवावं तसं धरलं होतं. इतका अवघडलेला पुढारी मी पाहिलेला नाही. चिमाबाई दारात आल्या, पुस्तक बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली.

"मावशी," भाऊ म्हणाले, "यात्रंची वर्गणी. तुमाला जमंल तसं द्या. निम्मी दिली तरी चालंल."

"निम्मी का?"

"न्हाई, म्हंजी..."

"गावात बाकीची किती देत्यात?"

भाऊंनी आकडा सांगितला. चिमाबाई आत गेल्या. फार वेळ आल्या नाहीत. भाऊ ओट्याकडे बघत उभे, मी भिंतीकडे. त्या आल्या तेव्हा डोक्यावर पदर होता आणि हातात आकड्याएवढे पैसे, ना एक रुपया कमी ना जास्त.

"पावती फाडा," त्या म्हणाल्या. "आन् नावापुढं पुनर्वसन लिहू नका. आमचं आडनाव लिवा."

भाऊंनी ओट्यावर बसून पावती लिहिली. लिहिताना त्यांचा हात थांबला आणि ते वर न बघता म्हणाले, "मावशी, माझं चुकलं." चिमाबाईंनी ऐकलं न ऐकलंसं केलं. पावती घडी करून कमरेच्या पिशवीत ठेवली आणि चहा टाकायला गेल्या. तोवर शेजारच्या चार घरांतून बायका हातात पैसे घेऊन बाहेर येऊन उभ्या होत्या.

यात्रेच्या दिवशी मांडवडहाळ्यांत वस्तीची बैलगाडी शेवटची होती. जांभळाच्या फांद्या होत्या. पहिला मान कुणाचा, दुसरा कुणाचा यावरून वेशीत तासभर बाचाबाची झाली आणि वस्तीचे दोन तरुणही त्यात जोरात ओरडत होते. अशोकराव माझ्याशेजारी उभे होते. म्हणाले, "आता खरं जमलं. भांडत्यात." दुपारच्या गाडीने मी निघाले.

आमची ग्रामसभा

परत आल्यावर आठवड्याने ग्रामसभा झाली. शाळेच्या पडवीत सगळं गाव, आणि मागे खांबाला टेकून धनगरवाडीतले पाच-सहा जण, त्यांच्यात धोंडूमामा. ते नेहमी मागेच बसतात आणि कधी बोलत नाहीत.

मी पाहिलं ते सांगितलं. दोन टाक्या आणि दोन शाळा सांगितल्या, बांधायला पैसे येतात आणि चालवायला येत नाहीत हे सांगितलं. मसुद्यातला "स्वतंत्र" हा शब्द सगळीकडून काढा, जुनी टाकी वाढवायला निधी मागा, मिळत नसेल तर मिळेपर्यंत मागा, असं म्हटलं. यावर दोन तास चर्चा झाली. निधी म्हटलं की आमच्या गावात सगळ्यांना बोलता येतं. शेवटी गायरान द्यायचं ठरलं. कुणीतरी उठून म्हणालं, गरीब माणसं आहेत, पाच वर्षं त्यांना घरपट्टी नको, पाणीपट्टी नको, गावकीचं कसलंच काही नको. टाळ्या वाजल्या.

मी उभी राहिले. टाळ्या थांबेपर्यंत थांबले.

"पुढच्या शिमग्याला पालखी त्यांच्या दारात जाणार का?" मी विचारलं.

आमच्याकडे वर्गणीचं एवढं प्रस्थ नाही. आमच्याकडे पालखी असते. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघर जाते, अंगणात नाचते, घरच्या बाया तिची ओटी भरतात. ज्याच्या अंगणात पालखी येते तो गावचा. धनगरवाडीवर ती आजवर गेलेली नाही. चढ फार आहे, असं सगळे सांगतात. मीही आयुष्यभर तेच सांगत आले होते.

निधीवर दोन तास बोललेली माणसं पायांच्या बोटांकडे बघत होती. मुंबईहून आलेला एक पोरगा काहीतरी म्हणायला तोंड उघडून परत मिटून बसला. मला वाटलं, झालं, ठरावही गेला आणि मीही गेले. सगळ्यांच्या नजरा हळूहळू तात्यांकडे वळल्या. तात्या पालखीचे मानकरी, पंचाहत्तरीचे, कान जरा कमी. त्यांना ऐकू आलं की नाही तेही कळेना.

तात्यांनी काठीवर हनुवटी टेकवली होती. ती उचलून त्यांनी थेट मागे, खांबाकडे बघितलं.

"धोंडू, सरकार घरापुढे काय घालणार रे? फरशी?"

धोंडूमामा गडबडून उभे राहिले. "सिमिट घालनार म्हनतात, तात्या."

"सिमेंटवर पाय घसरतात," तात्या म्हणाले. "खांद्यावर देव असतो. ग्रामसेवक, ठरावात लिहा, प्रत्येक घरापुढे अंगण मातीचं सोडायचं."

ग्रामसेवकाने वाकून लिहायला घेतलं. मग थांबून त्याने विचारलं, "किती मोठं लिहू, तात्या?"

"पालखी नाचवायला लागेल तेवढं."